मोकळे हात आणि बंद सभागृह

आपत्ती आली की एक युक्तिवाद ठरलेला असतो: सरकारचे हात मोकळे ठेवा. साथ असो वा पूर, निर्णय तासाभरात घ्यावे लागतात. विधिमंडळ बोलवा, चर्चा करा, मतदान घ्या, तोवर माणसे मरतील. आग विझवायला निघालेल्या बंबाला नाक्यावर थांबवून कागदपत्रे तपासायची नसतात. पैशांचा हिशेब नंतर होतोच. त्यासाठी पुरवणी मागण्या आहेत, कॅग म्हणजे महालेखापरीक्षक आहे, न्यायालये आहेत. आणि सभागृहात बहुमत सरकारचेच असते, मग मंजुरी आधी घेतली काय नि नंतर घेतली काय?

कोविडच्या काळात हा युक्तिवाद सत्ताधाऱ्यांनी केला, प्रशासनाने केला आणि समाजातल्या फार मोठ्या वर्गाने भीतीपोटी तो मान्यही केला. साथ ओसरली, युक्तिवाद मात्र शाबूत आहे. पुढच्या आपत्तीत तो पुन्हा बाहेर काढला जाईल. म्हणून त्याला आत्ताच, डोके थंड असताना, उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपत्तीच्या नावाने घेतलेल्या प्रत्येक असाधारण अधिकाराला कायद्यातच मुदत हवी, आणि त्या मुदतीत सभागृहाने मंजुरी दिली नाही तर तो अधिकार आपोआप संपला पाहिजे. बंब अडवा असे कोणी म्हणत नाही. आग विझल्यानंतरही महिनोन्‌महिने कुणाला न विचारता पैसा फिरवण्याची मुभा कोणालाच असू नये, एवढेच म्हणणे आहे.

आधी 'वेळ नसतो' हा मुद्दा घेऊ. आपल्या राज्यघटनेने युद्धाचाही विचार केलेला आहे. २५ जून १९७५ च्या रात्री मंत्रिमंडळाला न विचारता आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली. त्या अनुभवातून शहाणे होऊन १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती झाली. आता कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर करायची तर मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमताने. दर सहा महिन्यांनी ती नव्याने घ्यावी लागते. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर १४ दिवसांत खास बैठक बोलवावी लागते आणि साध्या बहुमताने आणीबाणी रद्द करता येते. म्हणजे शत्रू सीमेवर उभा असला तरी सरकारला महिन्याभरात संसदेपुढे यावे लागते. त्याने सैन्याची हालचाल थांबत नाही. मग साथीत आणि महापुरात सरकारने सभागृहापुढे येण्याने नेमके कोणते काम थांबते? या प्रश्नाचे सरळ उत्तर 'मोकळे हात'वाल्यांनी कधी दिलेले नाही.

पैशाच्या बाबतीतही घटनाकारांनी तरतूद केली होती. कलम ३६० खाली आर्थिक आणीबाणी जाहीर करता येते. तिच्यात राज्यांना काटकसरीचे आदेश देता येतात, सरकारी नोकरांचे पगार कमी करता येतात. पण दोन महिन्यांत संसदेची मंजुरी मिळाली नाही तर ती घोषणा गळून पडते. ही आणीबाणी आजवर एकदाही जाहीर झालेली नाही, २०२० मध्येही नाही. तरीही आर्थिक आणीबाणीत अपेक्षित असलेल्या कितीतरी गोष्टी त्या वर्षी घडल्या: विकासखर्चाला कात्री लागली, पगार टप्प्याटप्प्याने दिले गेले, मंजूर योजना थांबल्या. हे सगळे साधे कायदे, मंत्रिमंडळाचे निर्णय आणि शासन निर्णय यांच्या आधाराने झाले. घटनेतल्या आणीबाणीला कुंपण आहे. कायद्यातल्या आणीबाणीला नाही. सरकारे कुठल्या वाटेने जातात, हे यावरून कळते.

त्यातला पहिला कायदा १८९७ चा, साथरोग अधिनियम. मुंबई इलाख्यात प्लेगचा हाहाकार उडाला तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये तो घाईने केला गेला. मूळचा चार कलमांचा हा कायदा. त्याच्या जोरावर पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून जी झडती घेतली, तिच्या आठवणी महाराष्ट्राला वेगळ्याने सांगायला नकोत. पण या कायद्याच्या दुसऱ्या कलमातला एक भाग सहसा कोणी वाचत नाही. साथ आवरण्यासाठी होणारा खर्च, नुकसानभरपाईसह, कोणी आणि कशा रीतीने सोसायचा हे सरकारने ठरवावे, असे त्यात लिहिले आहे. सरकारने, कायदेमंडळाने नव्हे. निवडून आलेले सभागृहच नसलेल्या राजवटीचे ते कलम आहे. १४ मार्च २०२० च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने कोविडचे नियम काढले ते याच कायद्याखाली, आणि तेव्हा राज्यात २८८ आमदारांची विधानसभा होती.

दुसरा कायदा २००५ चा, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम. २४ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी जाहीर झाली ती याच कायद्याखाली. या कायद्याने दिलेले असाधारण अधिकार किती काळ वापरायचे, याची मुदत त्यात नाही. ठरावीक दिवसांनी संसदेची मंजुरी घ्यावी, असे बंधन नाही. वार्षिक अहवाल सभागृहापुढे ठेवावा, एवढ्यावर संसदेचा संबंध आटोपतो. त्यातल्या ५०व्या कलमानुसार तातडीची खरेदी करताना निविदेची नेहमीची प्रक्रिया माफ झाली असे समजले जाते. ही सूट पहिल्या आठवड्यात गरजेचीच असते. व्हेंटिलेटर आणि प्राणवायू निविदांची वाट पाहू शकत नाहीत. पण ही सूट कधी संपते, तिच्याखाली कुणाकडून काय आणि कोणत्या किमतीला घेतले हे कुणाला आणि कधी सांगायचे, याबद्दल कायदा गप्प आहे. २०२५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. शहरांसाठी आपत्ती प्राधिकरणे आली, माहितीसाठ्याची तरतूद आली. साथीचा एवढा मोठा अनुभव गाठीशी असूनही मुदत आणि मंजुरी मात्र आली नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण या सगळ्याचा खरा परिणाम तिथेच दिसतो. आणीबाणीतला खर्च म्हटले की आपल्याला वाढलेला खर्च आठवतो. न झालेल्या खर्चाकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि लोकांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम तितकाच खोल असतो. महाराष्ट्राचा २०२०-२१ चा अर्थसंकल्प ६ मार्च २०२० ला मांडला गेला. विधिमंडळाने मागण्यांवर मतदान केले, विनियोजन विधेयक मंजूर केले आणि १४ मार्चला अधिवेशन आटोपते घेतले. त्यानंतर सात आठवड्यांनी, ४ मे रोजी, वित्त विभागाचा एक शासन निर्णय निघाला. विकासयोजनांसाठी मंजूर निधीपैकी फक्त ३३ टक्के मिळेल, नव्या योजना घेऊ नयेत, नवी बांधकामे सुरू करू नयेत, भरती करू नये. आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा आणि मदत व पुनर्वसन या विभागांना प्राधान्य देण्यात आले.

या निर्णयामागचे कारण खरे होते. महसूल आटला होता, तिजोरीत पैसा नव्हता. मी त्या कारणावर वाद घालत नाही. पण जे घडले त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. विधानसभेने एका मताने नव्हे तर मागणीमागून मागणी मंजूर करून ठरवलेल्या राज्याच्या विकासखर्चाचे दोन तृतीयांश एका शासन निर्णयाने थांबले. कुठली ६७ टक्के कामे थांबवायची, आदिवासी विकास की रस्ते, वसतिगृहे की सिंचन, यावर सभागृहात एक वाक्यही बोलले गेले नाही, कारण सभागृह भरलेच नव्हते. पावसाळी अधिवेशन जूनवरून ऑगस्टवर, ऑगस्टवरून सप्टेंबरवर गेले आणि अखेर ७ व ८ सप्टेंबरला दोन दिवसांचे झाले. त्या दोन दिवसांत २९ हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबरचे अधिवेशनही दोन दिवसांचेच.

केंद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. २३ मार्च २०२० ला वित्त विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले. त्यात पेट्रोलवरील विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्काची कमाल मर्यादा लिटरमागे १८ रुपये आणि डिझेलवरील १२ रुपये करण्याची दुरुस्ती होती. दीड महिन्यात, ५ मेच्या रात्री, अधिसूचना निघाली आणि पेट्रोलवरचा केंद्रीय कर लिटरमागे १० रुपयांनी, डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढला. कच्चे तेल कोसळले होते, त्याचा फायदा ग्राहकाकडे न जाता तिजोरीत गेला. हे धोरण बरोबर होते असे म्हणणारेही आहेत. मग त्यांनी ते संसदेत म्हणायला हवे होते. ६ एप्रिलला खासदार निधी दोन वर्षांसाठी बंद झाला. प्रत्येकी वर्षाला ५ कोटी, एकूण सुमारे ७,९०० कोटी रुपये. या निधीचा मी मोठा चाहता नाही. पण संसदेने दोन आठवड्यांपूर्वी मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातली तरतूद मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत फिरली, आणि २०२१-२२ चा अर्थसंकल्प मांडलाही गेला नव्हता तेव्हाच त्या वर्षाचाही निर्णय होऊन गेला.

पगाराच्या बाबतीत मात्र एका न्यायालयाने नेमका प्रश्न विचारला. केरळ सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग पुढे ढकलला, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली: हा अधिकार कोणत्या कायद्यातून आला? सरकारला लगेच अध्यादेश काढावा लागला. पैशाला हात घालण्यासाठी कायद्याचा आधार लागतो, या साध्या गोष्टीची आठवण करून देण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

इथे 'नंतर हिशेब होतोच' हे उत्तर येते. ते तपासून पाहू. पुरवणी मागण्यांचे पुस्तक ज्यांनी हातात घेतले आहे त्यांना त्याची मांडणी माहीत आहे. विभाग, मागणी क्रमांक, लेखाशीर्ष, रक्कम आणि खाली दोन-तीन ओळींचे कारण. 'वाढीव निधीची आवश्यकता' एवढ्यावर शेकडो कोटी रुपये मागितले जातात. दोन दिवसांच्या अधिवेशनात अशा कित्येक मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. खर्च झालेला असतो, कंत्राटदाराचे बिल निघालेले असते. अशा वेळी सदस्याने 'नाही' म्हणून काय साधायचे? कार्योत्तर मंजुरी ही नाकारता न येणारी मंजुरी असते, म्हणून तिला मंजुरी म्हणणेच चुकीचे आहे.

कॅगबद्दलही तेच. मुंबई महापालिकेच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्याचा अहवाल विधानसभेत आला. सुमारे १२ हजार कोटींच्या कामांचा त्यात आढावा होता. पण कोविडवरच्या सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाबाबत पालिका प्रशासनाची भूमिका अशी होती की साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा लागू असल्याने तो तपासता येणार नाही. हा दावा कायद्यात बसतो असे मला मुळीच वाटत नाही; दोन्ही कायद्यांत लेखापरीक्षणाला मनाई करणारे एकही वाक्य नाही. पण लेखापरीक्षण झालेच पाहिजे असे सांगणारे वाक्यही नाही, आणि म्हणूनच असा दावा करण्याची हिंमत होते. मार्च २०२० च्या अखेरीस स्थापन झालेल्या पीएम केअर्स निधीत पहिल्या काही दिवसांतच ३,०७६ कोटी रुपये जमा झाले. तो सार्वजनिक न्यास आहे, सरकारचा निधी नाही, या कारणाने कॅग त्याच्याबाहेर राहिला. ज्या यंत्रणांवर हवाला ठेवून आपल्याला निश्चिंत राहायला सांगितले जाते, त्यांनाच वाटेत असे अडवले जाते.

इतरत्र काय झाले ते पाहा. ब्रिटनमध्ये कोरोनाव्हायरस कायदा मार्च २०२० मध्येच झाला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, दर सहा महिन्यांनी हाऊस ऑफ कॉमन्सपुढे जाण्याची अट होती, दर दोन महिन्यांनी अहवाल देणे सरकारवर बंधनकारक होते. साथ चालू असतानाच, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने खरेदीचा अहवाल दिला: जुलैअखेरपर्यंत १,८०० कोटी पौंडांची कंत्राटे, त्यांपैकी १,०५० कोटींची स्पर्धेविना, वजनदार ओळखी असलेल्यांच्या अर्जांसाठी वेगळी, जलद वाट. ब्रिटनने गैरप्रकार टाळले असे नाही. पण ते कुठे झाले हे तिथल्या करदात्याला वर्ष संपायच्या आत कळले. तिथली संसद एप्रिलपासून पडद्यावरून चालली. आपल्याकडे संसदीय समित्यांना दूरदृश्य बैठकांची परवानगीही मिळाली नाही.

उलटा धडा अमेरिकेचा. तिथे १९७६ पासून राष्ट्रीय आणीबाणी कायदा आहे. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ५७० कोटी डॉलर मागितले, काँग्रेसने सुमारे १३८ कोटीच दिले. १५ फेब्रुवारीला आणीबाणी जाहीर झाली आणि लष्करी बांधकामांचे ३६० कोटी डॉलर भिंतीकडे वळवले गेले. ज्या खर्चाला प्रतिनिधींनी मतदानाने नकार दिला, तोच खर्च आणीबाणीच्या नावाने झाला. दोन्ही सभागृहांनी आणीबाणी संपवणारा ठराव मंजूर केला, राष्ट्राध्यक्षांनी तो नकाराधिकाराने फेटाळला, दोन तृतीयांश मते जमली नाहीत, विषय संपला. कारण सरळ आहे. आणीबाणी थांबवण्याचे ओझे सभागृहावर टाकले होते. ते उलटे हवे. ती चालू ठेवायची असेल तर सरकारने मते मिळवावीत. मिळाली नाहीत तर ती संपावी. मुदत संपताच अधिकार गळून पडणे हाच सगळ्यातला कळीचा भाग आहे. आपल्या ४४व्या दुरुस्तीने हे आधीच ओळखले होते.

शेवटी 'बहुमत सरकारचेच असते' हा मुद्दा. हा युक्तिवाद मान्य केला तर विधिमंडळाची गरजच उरत नाही, अर्थसंकल्पही मांडायला नको. सभागृहात मते मोजण्याआधी प्रश्न विचारले जातात आणि सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारले गेले म्हणूनच कळले की टाळेबंदीत घरी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांची नोंद केंद्राकडे नाही. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही नव्हता, फक्त लेखी उत्तरे होती. एवढ्याशा फटीतूनही इतके बाहेर आले. आणि सत्ताधारी आमदारही आमदारच असतो. त्याच्या तालुक्यातले ग्रामीण रुग्णालय ६७ टक्क्यांच्या कपातीत अडकले तर तोही उभा राहून विचारतो. विचारायला त्याला जागा हवी.

मंजुरीची सवय मोडली की काय होते, हे पुण्याच्याच एका अभ्यासकाने देशाला दाखवले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळली तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्ष ते चौदा वर्षे जिवंत ठेवल्याचे दिसले. विधानसभा असतानाही राज्य अध्यादेशांवर चालत होते. त्यांच्या याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली फसवणूक ठरवले. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आणखी स्पष्ट केले की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे. तातडीचा अधिकार सोयीचा झाला की तो कायमचा होतो, हे बिहारच्या बाबतीत कागदोपत्री सिद्ध झाले आहे. साथीच्या आणि आपत्तीच्या कायद्यांना वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

मग काय करायचे? आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आणि राज्यांच्या साथरोग नियमांत चार तरतुदी लिहाव्यात. असाधारण अधिकारांची घोषणा ३० दिवसांनी आपोआप संपेल. पुढे चालवायची तर सभागृहाची मंजुरी, अधिवेशन नसेल तर खास बैठक, गरज पडल्यास पडद्यावरून. मंजूर अर्थसंकल्पातील कोणत्याही विभागाच्या तरतुदीत ठरावीक टक्क्यांहून मोठी कपात सभागृहाच्या संमतीशिवाय तीन महिन्यांपलीकडे टिकणार नाही. निविदेविना केलेल्या प्रत्येक खरेदीची यादी, पुरवठादाराचे नाव आणि दर, दर महिन्याला पटलावर आणि लोकांपुढे ठेवली जाईल. आणि आपत्तीच्या नावाने सरकारी पदाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत गोळा झालेल्या किंवा खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचे लेखापरीक्षण कॅग करेल. यातली एकही तरतूद पहिल्या महिन्यात रुग्णवाहिका थांबवत नाही. तात्काळ खर्चासाठी आकस्मिकता निधी आहेच. केंद्राचा तर २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३० हजार कोटींवर नेला गेला. हात मोकळे ठेवायला एवढा निधी दिला, तर हिशेबाची तारीख मागणे जास्त कसे?

ही मागणी एका पक्षाविरुद्ध नाही. २०२० मध्ये मुंबईत आणि दिल्लीत वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे होती आणि दोघांनीही सभागृहाला सारखेच बाजूला ठेवले. आज सत्तेत असलेले उद्या विरोधी बाकांवर बसतील, तेव्हा त्यांनाही हीच ढाल लागेल. म्हणून विधानसभेतल्या आणि संसदेतल्या दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी ही दुरुस्ती स्वतःच्या हक्कासाठी मागावी, खासगी विधेयक आणून का होईना. करदात्याचा पैसा खर्च करण्याचा आणि रोखण्याचा अधिकार घटनेने त्यांच्या हाती दिला आहे. संकटात तो दुसऱ्याच्या हवाली करणे हे त्यांचे औदार्य नव्हे, कर्तव्यातली कसूर आहे. आणि या कसुरीची किंमत थांबलेल्या प्रत्येक कामाच्या रूपाने तुम्हीआम्ही मोजत असतो.